पाच मेपर्यंत थांबा

परवा चाकणहून भाचीचा फोन आला. तिच्या दिराचं लग्न ठरलंय, कार्यालयवाल्याने मेमधल्या दोन तारखा दिल्यात, त्यातली एक उद्यापर्यंत पक्की करायची होती. मला वाटलं, मुहूर्ताबद्दल विचारणार. पंचांग घ्यायला उठतच होते, तेवढ्यात ती म्हणाली, "पंचांग राहू दे गं आत्या. नीट कधी असते ते सांग."

नवरदेवाची चुलत बहीण बारावीला आहे म्हणे. तिच्या आईने आधीच बजावलंय, परीक्षेच्या मागेपुढे लग्न ठेवलंत तर आमच्या घरातलं कुणी येणार नाही. म्हणजे गुरू-शुक्राचा अस्त, गुणमेलन, कार्यालय, आचारी हे सगळं जुळून आलं तरी अजून एक ग्रह उरतोच! भाची मला विचारते, कारण मी शिक्षिका होते आणि आमच्या घरातून दोन वर्षं ही परीक्षा देऊन झाली आहे. तिला वाटतं मला सगळं ठाऊक असेल. मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं तर तारखेचा विचार करायचा नव्हता. दुसरंच काहीतरी आठवलं होतं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहिते आहे. नातेवाईक मंडळीही वाचतात, तेव्हा काहींना हे माहीत आहे, काहींना अर्धवट माहीत आहे. आता पूर्ण माहीत होईल. असो.

मी १९७४ साली लग्न होऊन माणला आले तेव्हा गावाचं वर्ष कशावर चालायचं ते सगळ्यांना पाठ होतं. भाताची लावणी, भाताची कापणी, लग्नसराई, चैत्रात हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड. आमच्या शाळेचं वर्षही तसंच. पुढे बोर्डाची बारावी फेब्रुवारीच्या अखेरीस, दहावी मार्चमध्ये, निकाल जूनच्या आसपास. मुलगा डॉक्टर होणार की नाही हे त्या काळी बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीच्या मार्कांवर ठरायचं. नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत तसंच होतं, मग सीईटी आली. तेव्हाचं सगळं चांगलं होतं असं मी मुळीच म्हणणार नाही. एका पेपरात ताप आला की मुलगा संपला, आणि माणसारख्या गावातून मेडिकलला जातंय कोण! पण तारखांना तेव्हा भाव होता. बोर्डाचं वेळापत्रक लागलं की आम्ही शिक्षक आपापल्या लेकींची बारशी आणि डोहाळजेवणं त्यावर ठरवायचो, आणि ती चुकत नसत.

मग आयटी पार्क आलं, शेतं गेली, पैसा आला, टॉवर उभे राहिले. आता आमच्या आळीत दर दोन-तीन घरांमागे एक मूल तरी मेडिकल नाहीतर इंजिनीअरिंगच्या क्लासला असतं. गावाचं वर्ष आता ह्या परीक्षांवर चालतं. मे महिन्यातली लग्नं मागेपुढे होतात. कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन थांबतं, कुणाची घराची वास्तुशांत थांबते. ज्या घरात बारावीचं मूल आहे तिथे संध्याकाळी सातला टीव्ही बंद होतो आणि आजोबांना कानाला यंत्र लावून मोबाईलवर बातम्या बघाव्या लागतात.

आता आमच्या घरचं सांगते.

माझ्या मोठ्या जाऊबाई, त्यांना आमच्या घरातली सगळी मुलं 'मोठी आई' म्हणत. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. मी सकाळी शाळेत जायची, तेव्हा माझी मुलं त्यांनीच वाढवली. पुढे माझी सून नोकरीला लागली, तेव्हा नात त्यांनीच वाढवली. नातीला घरात मनू म्हणतात. मनूची वेणी दहावीपर्यंत मोठ्या आईनेच घातली. मी आजी खरी, पण ताप आला की मनू हाक मारायची ती मोठ्या आईला. मला कधी कधी थोडं लागायचंही, आता सांगायला हरकत नाही.

२०२४ साली मनू बारावीला होती. बोर्डाची परीक्षा झाल्यावर तिला कोथरूडमध्ये दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन दिली. माण ते क्लास हे अंतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये किती तासांचं होतं ते इथल्यांना सांगायला नको. स्मार्टफोन तिच्या बापाने काढून घेतला, बटणांचा फोन दिला. रविवारी संध्याकाळी घरी फोन, एवढंच. नीट होती ५ मे २०२४ ला, रविवारी. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या चौकोनाला मीच लाल गोल केला होता.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मोठ्या आईला पक्षाघाताचा झटका आला. दवाखान्यात ठेवलं. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, पण ओळखत होत्या सगळ्यांना. डॉक्टर म्हणाले, वय आहे, काही सांगता येत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही ठरवलं की मनूला कळवायचं नाही. 'आम्ही ठरवलं' असं लिहिलं, पण ते मी ठरवलं. मुलगा घुटमळत होता, सून रडत होती. मी म्हणाले, "पाच मेपर्यंत थांबा." पस्तीस वर्षं शिकवलंय, परीक्षेच्या तोंडावर मुलांचं काय होतं ते मला माहीत आहे, असं मी म्हणाले. आमच्या घरात मास्तरीणबाईंचा शब्द अजून चालतो.

मोठी आई दोनदा विचारत्या झाल्या, मनू कुठंय. शब्द नीट फुटत नव्हता, पण मनू हे नाव कळायचं. मी सांगितलं, रविवारी येणार आहे. तो रविवार गेला. पुढच्या रविवारीही तेच सांगितलं. रविवारी मनूचा फोन यायचा तेव्हा आम्ही घरातून बोलत आहोत असं भासवायचं आणि मोठ्या आईचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नको सांगितलंय असं सांगायचं. आणि एक गोष्ट मी आजवर कुणाला बोलले नाही. मी मनातल्या मनात दिवस मोजत होते. आज तेरा एप्रिल, अजून बावीस दिवस. एवढे काढले तर बरं. माणूस बरं व्हावं ही प्रार्थना मागे पडली होती. त्यांनी पाच मेच्या पलीकडे जावं, एवढंच मी मागत होते.

त्या थांबल्या नाहीत. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, १८ एप्रिलला गेल्या. २२ एप्रिलपासून एमएचटी-सीईटीचा पीसीबी ग्रुप सुरू होत होता, मनूने तोही भरला होता, म्हणजे सांगायची वेळ आणखीच अवघड. दहावा झाला, तेरावा झाला. भावकीतल्या सगळ्यांना ताकीद होती. कुणी स्टेटसला फोटो ठेवायचा नाही. एका पुतण्याने ठेवलेला दहा मिनिटांत काढायला लावला.

पाच मेला मुलगा आणि मी मनूला केंद्रावर घेऊन गेलो. अर्ध्या बाहीचा कुर्ता, साधी चप्पल, पारदर्शक पाण्याची बाटली. दीड वाजता फाटक बंद होतं म्हणून आम्ही साडेअकरालाच झाडाखाली जाऊन उभे. दोन ते पाच वीस पेपर. ती हसत बाहेर आली, फिजिक्स सोपं होतं म्हणाली. गाडीत बसल्यावर मी सांगितलं. वाकडचा पूल येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. मग विचारलं, "कधी?" मी म्हटलं, अठरा एप्रिलला. ती म्हणाली, "अठराला माझी मॉक टेस्ट होती. सहाशे दहा आले होते." एवढंच बोलली. घरी आल्यावर मोठ्या आईच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

लोक म्हणाले, बरं केलंत. मुलीचं वर्ष वाचलं. मीही तेच म्हणत राहिले, एक महिना.

आता पुढे काय झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे, तरी आमच्या घरातून ते कसं दिसलं ते लिहिते. परीक्षा घेणाऱ्या नॅशनल टेस्टिंग एजन्सीने आधीच छापलं होतं की निकाल १४ जूनला. त्या भरवशावर सुनेने आपलं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ५ जूनला ठरवलं. फेब्रुवारीपासून ती ते पुढे ढकलत होती, पथ्यावर दिवस काढत होती. निकालापर्यंत उभी राहते, मग धावपळ करता येईल, असा तिचा हिशेब. ४ जूनला लोकसभेची मतमोजणी होती. आमचा मुळशी तालुका बारामती मतदारसंघात, ७ मेला आम्ही मतदान केलेलं, तेव्हा सकाळपासून घरातच काय पण अख्ख्या गावात टीव्हीसमोरून कुणी हललं नव्हतं. दुपारी मुलगा सुनेला दवाखान्यात भरती करून आला. आणि संध्याकाळी मनूच्या मैत्रिणीचा फोन, निकाल लागला. दहा दिवस आधी! सून दवाखान्यात सलाईन लावून पडलेली, मनू घरात एकटीच मोबाईलसमोर, आणि टीव्हीवर कोण किती मतांनी पुढे. दुसऱ्या दिवशी सून ऑपरेशन थिएटरमध्ये असताना नातेवाइकांचे फोन येत होते. तब्येत विचारायला म्हणून यायचे आणि दुसरं वाक्य मार्कांचं.

मार्क चांगले होते. आदल्या वर्षी असते तर सरकारी कॉलेज मिळालं असतं. पण ह्या वर्षी सदुसष्ट मुलांना ७२० पैकी ७२० पडले होते आणि वरपासून खालपर्यंत रँक घसरले होते. मग कळलं, १५६३ मुलांना वेळ कमी मिळाला म्हणून वाढीव गुण दिले होते. मग ते काढून घेतले. २३ जूनला त्यांची फेरपरीक्षा झाली, निम्म्याच्या आसपास मुलं बसलीच नाहीत. पाटणा आणि हजारीबागमध्ये पेपर फुटल्याचं निघालं. तपासात आपल्या लातूरचंही नाव आलं, ते वाचून फार वाईट वाटलं. लातूर पॅटर्नचं कौतुक आम्ही शिक्षकांनी वर्षानुवर्षं केलंय. पदव्युत्तरची नीट २३ जूनला होती, ती २२ च्या रात्री पुढे ढकलली. म्हणजे दूरदूरच्या शहरांत जाऊन पोहोचलेले, लॉजवर मुक्काम केलेले डॉक्टर परत घरी. आमच्या मनूची पूर्ण परीक्षाच रद्द होणार का, याचा निकाल सुप्रीम कोर्टाने २३ जुलैला दिला. रद्द होणार नाही, असा. पण फिजिक्सच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली होती, ती आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारून एकच केली. चार लाखांहून जास्त मुलांचे पाच-पाच गुण गेले. मनू त्यातली एक. २६ जुलैला नवा निकाल, नवा रँक. प्रवेशाचा पहिला देशपातळीवरचा राउंड १४ ऑगस्टला सुरू झाला.

हे सगळं चालू असताना जुलैमधल्या एका रात्री मनू माझ्याशेजारी येऊन झोपली आणि म्हणाली, "आजी, परीक्षा रद्द झाली तर पुन्हा तारीख लागेल ना? मग तेव्हा कुणी आजारी पडलं तर मला सांगाल का?"

मी उत्तर दिलं नाही. काय देणार होते! ज्या पाच तारखेसाठी मी तिला मोठ्या आईचं तोंड बघू दिलं नाही आणि त्याहून वाईट म्हणजे मोठ्या आईला तिचं तोंड बघू दिलं नाही, ती पाच तारीख त्या वेळी कोर्टात पडून होती. ती खरी होती की नव्हती हेच ठरायचं होतं. मी एखाद्या अटळ गोष्टीसारखी ती तारीख घरावर लादली होती, आणि ती ज्यांनी ठरवली होती त्यांनाच तिची खात्री नव्हती.

तेव्हापासून मी जुन्या तारखा गोळा करायला लागले. इतिहास शिकवलाय, सनावळ्या लिहायची सवय आहे. नीट पहिल्यांदा झाली ५ मे २०१३ ला. त्याच जुलैत सुप्रीम कोर्टाने ती रद्द ठरवली. २०१५ ची एआयपीएमटी ३ मेला झाली, पेपर फुटला म्हणून जूनमध्ये रद्द झाली आणि २५ जुलैला पुन्हा. २०१६ ला तर कमाल. आपल्या राज्याची सीईटी ५ मेला ठरलेली. २८ एप्रिलला कोर्टाचा आदेश आला की देशभर नीटच, पहिला टप्पा १ मेला, दुसरा २४ जुलैला. म्हणजे तीन दिवसांनी! मग २४ मेला अध्यादेश निघाला आणि राज्याच्या जागांसाठी त्या वर्षापुरती सीईटी ग्राह्य धरली. माझा एक विद्यार्थी त्या वर्षी बसला होता, त्याची आई माझ्याकडे येऊन म्हणाली, बाई, पोरानं नक्की कुठलं पुस्तक वाचायचं? मराठीतून नीट देण्याची सोय तर त्याच्या पुढच्या वर्षी, २०१७ ला झाली. त्या वर्षी निकाल मद्रास हायकोर्टाच्या स्थगितीत अडकून २३ जूनला लागला. २०२० ला ३ मेची २६ जुलै झाली, २६ जुलैची १३ सप्टेंबर. निकाल १६ ऑक्टोबरला. २०२१ ला १ ऑगस्टची १२ सप्टेंबर, निकाल १ नोव्हेंबरला, आणि आरक्षणाच्या खटल्यामुळे प्रवेश पुढच्या जानेवारीत. २०२२ ला १७ जुलै.

२०१७, २०१८, २०१९, २०२३, २०२४, २०२५ ह्या सहा वर्षी मात्र परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी झाली. भाचीला हेच हवं होतं, आणि हे तिला फोनवरही सांगता आलं असतं.

करोनाची दोन वर्षं मी सोडून द्यायला तयार आहे. ती कुणाच्याच हातात नव्हती. पण तिथेही एक बघा. चीनमध्ये महाविद्यालयाच्या प्रवेशाची मोठी परीक्षा, गाओकाओ म्हणतात तिला, २००३ पासून ७ जूनला सुरू होते. २०२० ला त्यांनीही पुढे ढकलली. ३१ मार्चलाच जाहीर केलं की बरोबर एक महिना उशिरा, ७ जुलैला, आणि त्या दिवशी घेतली. कोरियात नोव्हेंबरमधल्या एका गुरुवारी अशीच परीक्षा असते, त्या सकाळी कचेऱ्या उशिरा उघडतात आणि इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना विमानं उडत नाहीत. २०१७ ला आदल्या दिवशी भूकंप झाला म्हणून त्यांनी एक आठवडा पुढे नेली. तिथली मुलं सुखात आहेत असं मुळीच नाही, त्यांच्यावरचा ताण आपल्यापेक्षा जास्तच असेल. पण सरकार त्या दिवसासाठी स्वतःला काहीतरी बंधन घालून घेतं. आपल्याकडे बंधन सगळं मुलांना. दीड वाजून एक मिनिट झालं की फाटक बंद. आणि निकाल दहा दिवस आधी लावला तर विचारायची सोय नाही.

माझा मुलगा म्हणतो, लवकर लावला त्यात वाईट काय, उलट ताण लवकर संपला. मला ते पटत नाही. पंधराला लग्न म्हणून सांगायचं आणि पाचला वरात दारात आणायची, याला कुणी वक्तशीर म्हणत नाही. तारीख छापली की ती देणाऱ्यालाही बांधते. परीक्षा कधी, उत्तरसूची कधी, निकाल कधी, प्रवेशाचा पहिला राउंड कधी, हे चारही दिवस आदल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत सांगावेत आणि पाळावेत, एवढंच माझं म्हणणं आहे. २०२४ ला वीस लाखांहून जास्त मुलं ह्या परीक्षेला बसली होती. प्रत्येक मुलामागे आई-बाप, आजी-आजोबा, एखादं आजारपण, एखादं लग्न धरलं तर केवढी माणसं ह्या तारखांवर टांगलेली असतात!

पण हे सरकारचं झालं. माझं काय? सरकारने उद्या दगडावर तारीख कोरून दिली तरी मी एप्रिलमध्ये जे केलं ते बरोबर ठरत नाही, आणि हे कळायला मला फार वेळ लागला.

माझी सून आजही म्हणते, तुमचा निर्णय बरोबर होता. तिचं म्हणणं मी नीट मांडते, नाहीतर ती चिडेल. ती म्हणते, मनूला सांगितलं असतं तर ती दवाखान्यातच बसली असती, दोन वर्षांचा अभ्यास गेला असता आणि मोठ्या आई काही वाचल्या नसत्या. शिवाय त्यांनाच विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, पोरीला अभ्यास करू द्या. हे खरं असेलही. पण त्यांना आम्ही विचारलं नाही ना! मनूलाही विचारलं नाही. अठरा वर्षांची मुलगी, ७ मेला आमच्याबरोबर मतदान करायला गेली. तिने खासदार निवडलेला चालतो, उद्या तिने रोग्याला वाईट बातमी सांगावी अशी आमची इच्छा आहे, आणि तिच्याच घरातली वाईट बातमी तिला झेपणार नाही असं आम्ही परस्पर ठरवलं. कोथरूडहून दवाखाना तासाभराच्या अंतरावर होता. एक संध्याकाळ. एक मॉक टेस्ट बुडाली असती.

२०२५ ला मनूने ड्रॉप घेतला. ह्या वेळी तिने सुरुवातीलाच एक अट घातली की खोली घेणार नाही, घरूनच करणार, आणि घरात जे होईल ते मला त्याच दिवशी कळलं पाहिजे. मोठ्या आईचं वर्षश्राद्ध तिथीने ७ एप्रिलला आलं. परीक्षा ४ मेला. मी मुद्दाम काही बोलले नाही. ती पहाटे उठून स्वयंपाकघरात आली, वडे तळायला बसली, दुपारी पानं वाढली. क्लासमधून फोन आला, आज टेस्ट का दिली नाही म्हणून. "घरी कार्य आहे," एवढं सांगून तिने ठेवला. त्या एका दिवसाने तिचे किती मार्क गेले ते मोजायचं कुठलं यंत्र माझ्याजवळ नाही. त्या वर्षीचं फिजिक्स भयंकर अवघड निघालं, पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ होते. परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी, ५ मेला, बारावीचा निकाल लागला. तिच्या बारावीला बसलेल्या मैत्रिणींना आदल्या दिवसाचा शीण काढायलासुद्धा वेळ मिळाला नाही. नीटचा निकाल मात्र ठरल्या दिवशी, १४ जूनला आला, हेही लिहायला हवं.

मार्क किती पडले ते मी इथे लिहिणार नाही, मनूने बजावलं आहे. फोन करून विचारू नये. तिने आयुर्वेदाला, बी.ए.एम.एस.ला प्रवेश घेतला आणि ती मजेत आहे. एमबीबीएस न मिळाल्याचं तिला वाईट वाटतं का? वाटतं. पण त्याबद्दल ती बोलू शकते. मोठ्या आईबद्दल अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

घरात बारावीचं मूल असलेल्यांसाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगते, कारण शिक्षकाला राहवत नाही. ज्या तारखा आपल्या हातात आहेत त्यांच्याकडे लोकांचं लक्ष नसतं. वय-अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, आणि सगळ्यात आधी जात पडताळणी. ही पडताळणी अकरावीतच टाकावी, निकालानंतर धावलं तर उशीर होतो. नॉन-क्रिमीलेयरवर ३१ मार्चची मुदत असते, ती कुठल्या सालची आहे ते चष्मा लावून बघावं. ड्रॉप घेतला असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. एका शेजाऱ्याने मुलीच्या परीक्षेसाठी सहा महिने घरात पाहुणा येऊ दिला नाही, आणि निकाल लागल्यावर दाखल्यासाठी पौडला चकरा मारत होता. जी तारीख दुसऱ्याच्या हातात आहे तिच्यासाठी घर बंद, आणि जी स्वतःच्या हातात आहे ती विसरली! राज्याच्या पंच्याऐंशी टक्के जागांचे राउंड वेगळे, देशपातळीवरच्या पंधरा टक्क्यांचे वेगळे. दोन्हींच्या तारखा एकमेकींत अडकतात आणि दर वर्षी बदलतात, तेव्हा जुलै ते ऑक्टोबरच्या यात्रेची तिकिटं काढू नयेत. एवढं नियोजन जरूर करावं.

काल भाचीला फोन केला. म्हटलं, मेच्या पहिल्या रविवारी लग्न ठेवू नकोस, एवढं खरं. बाकी दुसरी जी तारीख मिळतेय ती घे. आणि त्या मुलीला विचार, तुला लग्नाला यायचंय का, किती वेळ यायचंय, हळदीला यायचंय की नुसतं अक्षतांना.

भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अगं आत्या, तिला अजून कुणी सांगितलंच नाहीये लग्न ठरलंय म्हणून."